हकम व्हायचं तर आधी शिकून या

आमच्याकडे शादीचा बावर्ची ठरवताना चार घरी चौकशी होते. याने आधी कुणाच्या देगा उतरवल्या, मीठ-मसाला सांभाळला का, पाचशे माणसांत गोश्त कमी पडलं का. तीच शादी तीन वर्षांनी मोडायला आली, की ती सांधायला कोण बसणार याची चौकशी कुणी करत नाही. ज्याची दाढी पांढरी, ज्याचं दुकान मोठं, ज्याची नगरसेवकाकडे ऊठबस, तो बसतो. मौलाना बसतात, मामू बसतात, मुलगा ज्याच्याकडे कामाला आहे तो शेठ बसतो. आणि आपल्यासारखे चळवळीतले लोकही बसतात, कारण आपण संविधानाची चार कलमं वाचलेली असतात. मी स्वतः सोलापुरात सतरा वर्षं अशा बैठकांना बसले.

म्हणून आजचं हे भांडण बाहेरच्यांशी नाही. ते जमातीच्या सदरांशी आहे, मौलानांशी आहे, आणि तितकंच आपल्या कार्यकारिणीशी आहे. नवराबायकोच्या मधे बसणं हे एक काम आहे. ते शिकावं लागतं. न शिकता जो बसतो, त्याची नियत कितीही साफ असली तरी तो कुणाचं तरी नुकसान करून उठतो. मी केलं आहे.

२०१२ चा मे महिना. मुलगी बावीस वर्षांची, आई विड्या वळणारी, नवरा यंत्रमागावर. दोन वर्षांत तिसऱ्यांदा माहेरी आली होती. बैठक मोहल्ल्यातल्या शादीखान्यात. चौदा पुरुष, पडद्यापलीकडे तिची आई, आणि 'आपल्या बाजूची समजदार बाई' म्हणून मी. सगळ्यांनी आपापलं बोलून घेतलं. मग सदरसाहेबांनी तिला विचारलं, "बेटी, नांदायचं आहे ना?" समोर नवरा, त्याचे दोन भाऊ, सासरा. तिने खाली बघून "जी" म्हटलं. स्टॅम्पपेपर आधीच आणलेला होता. सह्या झाल्या, चहा झाला, एकाने दुआ मागितली. मी खूश होते. एक घर वाचवलं असं वहीत लिहून ठेवलं.

सोलापूरचा मे. त्या उन्हात ती मनगटापर्यंत बाह्यांचा कुर्ता घालून आली होती आणि ओढणी सारखी हातावर ओढत होती. मी ते पाहिलं होतं. विचारलं नाही. सात महिन्यांनी सरकारी दवाखान्यात तिला भेटले तेव्हा हात प्लॅस्टरमध्ये होता. मी काही बोलायच्या आतच ती म्हणाली, "खाला, तुमने सब के सामने पूछे. सब के सामने मैं क्या बोलती?"

मारलं नवऱ्याने हे खरं. पण तिला परत पाठवायच्या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

त्यानंतर तीन वर्षांनी मी मध्यस्थीचं चाळीस तासांचं प्रशिक्षण घेतलं. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये मध्यस्थी आणि सामंजस्य प्रकल्प समिती नेमली, तेव्हापासून न्यायालयांच्या मध्यस्थी केंद्रांसाठी हा चाळीस तासांचा पाया धरला जातो. वर्गात बहुतेक वकील. तिसऱ्या दिवशी लुटुपुटूच्या खटल्यात मला मध्यस्थ केलं. एक वकीलसाहेब नवरा झाले, एक वकीलबाई बायको. चौथ्या मिनिटाला मी नवऱ्याला म्हटलं, "बेटा, असं नसतं वागायचं." प्रशिक्षकांनी हात वर केला. म्हणाले, "तुमचा निकाल देऊन झाला. आता हा माणूस तुम्हाला खरं कशाला सांगेल?" वर्ग हसला. जेवणाच्या सुट्टीत मी रागाने कुणाशी बोलले नाही. सतरा वर्षांचा अनुभव होता ना!

तिथे शिकवतात त्या गोष्टी ऐकायला साध्या आहेत. दोघांना एकत्र भेटायचं, आणि मग प्रत्येकाला वेगळं, दार लावून. वेगळ्या भेटीत जे सांगितलं ते त्या माणसाच्या परवानगीशिवाय दुसऱ्यापर्यंत न्यायचं नाही, आणि खोलीत झालेलं बोलणं पुढे कोर्टात पुरावा म्हणून वापरायचं नाही. ज्याचं उत्तर "जी" मध्ये संपतं असा प्रश्न विचारायचा नाही. मागणी आणि गरज वेगळी ओळखायची: "तिने माहेरी फोन करायचा नाही" ही मागणी झाली, पण तिच्याखाली कसली भीती आहे? दोघांनाही विचारायचं की आज जमलं नाही तर उद्या तुझ्या हातात काय उरतं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे गप्प बसायचं. आमच्या बैठकीत गप्प बसलेल्या माणसाला येडं समजतात.

पण चाळीस तासांचं कौतुक मी डोळे झाकून करणार नाही. चेक न वटल्याचा खटला, जमिनीच्या वाटण्या आणि नवराबायकोचं भांडण हे एकाच साच्यात शिकवलं जातं. घरातली मारहाण कशी ओळखायची, धाक खोलीत कसा येऊन बसतो, मुलांशी कुणी आणि कसं बोलायचं, याला वेगळा वेळ हवा. कौटुंबिक मध्यस्थी हा त्या पायावरचा दुसरा मजला आहे. आपल्याकडे लोकांनी पायाच भरलेला नाही, ही गोष्ट वेगळी.

आता बुजुर्ग म्हणतील की हे कोर्टाचं, इंग्रजांचं खूळ आहे. सुरे निसाची पस्तिसावी आयत काढून बघा. मियांबीवीत फूट पडण्याची भीती असेल तर एक हकम त्याच्या घरातला आणि एक तिच्या घरातला नेमा, असा तिचा आशय आहे. (तिच्या आधीची चौतिसावी मात्र सगळ्या नवऱ्यांना तोंडपाठ असते.) दोन हकम, दोन्ही बाजूंचे. चौदा पुरुष एका बाजूला आणि आई पडद्यामागे, अशी बैठक त्यात कुठे आहे? हकमाच्या अधिकारांवर फुकहांमध्ये मतभेद आहेत. हनफी म्हणतात की जोडप्याने अधिकार दिल्याशिवाय हकम निकाह तोडू शकत नाहीत. मालिकी म्हणतात तोडू शकतात. म्हणजे आमच्या आलिमांनी शेकडो वर्षं या कामाची बारकाईने छाननी केली. आम्ही मात्र त्याचं चहा-बिस्किट करून टाकलं.

सिंगापूरमध्ये १९६६ च्या मुस्लिम कायद्यातच शरिया न्यायालयाने हकम नेमायची तरतूद आहे. मलेशियाच्या सेलांगोर राज्यात २००२ पासून शरिया न्यायालयांत 'मजलिस सुलह' चालते आणि तिथे सुलह घडवणारा अधिकारी त्याच कामासाठी नेमलेला असतो. ते कुणी इंग्रजांचे चेले नाहीत.

आपल्याच महाराष्ट्राचं घ्या. मे २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात पूर्णपीठाने दगडू पठाण खटल्यात सांगितलं की तलाक झाला असं नुसतं म्हणून चालणार नाही. कारण दाखवावं लागेल, आणि आधी दोन्हीकडच्या मध्यस्थांनी समेटाचा प्रयत्न केला होता हे सिद्ध करावं लागेल. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा खटल्यात हीच दिशा पक्की केली. आपण पेढे वाटले. वाटायलाच हवे होते. पण पुढे काय झालं ते कोर्टाच्या बाहेर बसणाऱ्या टायपिस्टला विचारा. मी पाहिलेल्या बहुतेक तलाकनाम्यांत एक ठरलेलं वाक्य असतं: दोन्ही बाजूंच्या वडीलधाऱ्यांनी वेळोवेळी प्रयत्न केले, परंतु ते निष्फळ ठरले. कोण वडीलधारे, कुठे बसले, तिला एकटीला कुणी विचारलं का, काही नाही. जी अट बाईच्या रक्षणासाठी होती ती टायपिस्टच्या कॉम्प्युटरमधली तयार ओळ झाली. मधे बसणारा कोण आणि तो काय शिकलेला आहे, हा प्रश्न आपण तेव्हा विचारला नाही. ती चूक आपलीच.

यापेक्षा वाईट गोष्ट खुल्याची आहे. नवऱ्याला बायको नको असते. पण तलाक दिला तर मेहर द्यावी लागणार, पुढची सोय करावी लागणार. मग बैठकीत तिच्याकडून वदवून घेतात: "तूच खुला माग, म्हणजे लवकर मोकळी होशील." ती मागते. मेहर सोडते, जहेज सोडते, पोटगी सोडते, कधीकधी मूलही सोडते, आणि कागदावर लिहिलं जातं की हे सगळं राजीखुशीने. शिकलेला मध्यस्थ पहिल्याच वेगळ्या भेटीत विचारेल: वेगळं व्हायची इच्छा आधी कुणाची? उत्तर नवऱ्याचं आलं तर ती खुल्याची केस राहातच नाही. एवढा एक प्रश्न. सतरा वर्षांत तो मी किती वेळा विचारला हे लिहायची मला लाज वाटते.

आणि मधे बसणाऱ्याला कायदा माहीत नसेल तर तो कसला आधार देणार? आजही बैठकांत "इद्दतचे तीन महिन्यांचे पैसे" असा हिशोब चालतो. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दानियल लतीफी खटल्यात स्पष्ट केलं की १९८६ च्या कायद्याप्रमाणे नवऱ्याने इद्दतच्या मुदतीत तिच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तजवीज करायची आहे. तीन महिन्यांचा किराणा भरून द्यायचा नाही. जुलै २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की तलाकशुदा मुस्लिम स्त्री कलम १२५ खालीही पोटगी मागू शकते. मध्यस्थाने दोघांपैकी कुणाचाही वकील होऊ नये, हे मान्य. पण ती काय सोडते आहे हे तिला कळल्याशिवाय सही होऊ देणं म्हणजे तटस्थपणा नव्हे. सहीच्या आधी तिला वकिलाकडे पाठवा. कायदेशीर सेवा प्राधिकरणाकडे कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न न विचारता, मोफत वकील मिळतो. हे १९८७ च्या कायद्यात आहे आणि आमच्या निम्म्या कार्यकर्त्यांना माहीत नाही.

इथे आपल्यातले पुरोगामी दोस्त उठून म्हणतील, "बघा, आम्ही सांगत होतो. मध्यस्थी म्हणजे मागच्या दाराने आलेली जातपंचायत. सरळ कोर्टात जा." मी त्यांना आदराने सांगते की तुम्ही विड्या वळणाऱ्या बाईबरोबर तारखांना गेलेला नाहीत. एका तारखेला एक दिवसाची मजुरी जाते, वर रिक्षाचं भाडं, वर पुढची तारीख. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर बापाची सही हवी, ती तिला या जूनमध्ये हवी असते, निकाल लागेल तेव्हा नाही. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने न्यायाधीशावरच समेटाचा प्रयत्न करायची जबाबदारी टाकली आहे, म्हणजे कोर्टातही तुमची मध्यस्थीपासून सुटका नाही. मुंबईत १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तालयात स्त्रियांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तिथे बसवल्या त्या समाजकार्य शिकलेल्या बायका, कुणाच्या मामी-काकू नव्हेत. तिथेही बोलणीच होतात. फरक पडतो तो बोलणी कोण चालवतं याने.

मारहाणीच्या बाबतीत मात्र मी कुणाशी तडजोड करणार नाही. जिथे हात उठतो तिथे बैठक नाही. घरगुती हिंसाचार कायद्याच्या २००६ च्या नियमांत, चौदाव्या नियमात, समुपदेशनाला बसणाऱ्या नवऱ्याला हिंसेचं समर्थन करायला मनाई आहे. पुन्हा हिंसा होणार नाही अशी हमी त्याच्याकडून घ्यायची आहे. आमच्या बैठकीचा पहिला तास कशात जातो? "उलट बोलली म्हणून हात उठला." सगळे मान डोलावतात. कायदा ज्याला तोंड उघडू देत नाही, ते आम्ही अजेंड्यावर पहिल्या क्रमांकाला घेतो. अशी बाई आली की तिच्यासाठी संरक्षण अधिकारी, दवाखाना आणि वकील, एवढंच. आणि हे ओळखता येण्यासाठी आधी तिला एकटीला भेटावं लागतं, उन्हाळ्यातल्या लांब बाह्यांकडे बघावं लागतं.

वकिलांविषयीही दोन शब्द. आपल्या चळवळीत वकील कमी नाहीत. त्यांची पहिली नोटीस मी वाचत आले आहे: बायकोच्या बाजूची असेल तर नवरा व्यसनी, नवऱ्याच्या बाजूची असेल तर बायकोच्या चारित्र्यावर संशय. दोघं परस्परांना जे बोलले नव्हते ते नोटीस बोलते, आणि मग समेटाची वाट बंद. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या मिनिॲपोलिसमध्ये स्टू वेब नावाचा एक कौटुंबिक खटल्यांचा वकील या सगळ्याला इतका वैतागला की १९९० मध्ये त्याने जाहीर केलं, यापुढे मी कोर्टात उभा राहणार नाही, फक्त तोडगा काढून देईन. त्यातून 'कोलॅबोरेटिव्ह लॉ' ही पद्धत उभी राहिली. दोघांचे स्वतंत्र वकील असतात, पण सुरुवातीलाच चौघं मिळून लिहून देतात: सगळी माहिती उघड ठेवायची, आणि बोलणी फिसकटली तर हे दोन्ही वकील बाजूला होतील, कोर्टातली केस दुसरे वकील चालवतील. गोम इथे आहे. भांडण पेटलं तर ज्याची फी वाढते, त्याची फी आता भांडण पेटल्यावर थांबते.

आपल्याकडे यासाठी वेगळा कायदा नाही. पण दार आहे, आणि ते आपल्याच फिक्हमध्ये आहे. मुबारात. दोघांनाही वेगळं व्हायचं असेल तर परस्पर संमतीने, लेखी करार करून निकाह संपवता येतो. त्यासाठी आधी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. नंतर वैवाहिक दर्जाविषयी कुटुंब न्यायालयाकडून जाहीर करून घेता येतं. मेहर, पुढची तजवीज, मुलं कुणाकडे आणि सुट्टीत कुठे, दागिन्यांची यादी, हे सगळं दोन वकिलांच्या मदतीने चार भेटींत लिहून काढता येईल. आमचे किती वकील मुबारातचा नीट मसुदा करू शकतात? मी सोलापुरात विचारलं. बहुतेकांनी तोच टायपिस्ट दाखवला.

शेवटी त्या नव्या कायद्याबद्दल, कारण जमातींच्या सदरांना त्याची कुणकुण लागली आहे. मध्यस्थी कायदा, २०२३. त्यात सामुदायिक मध्यस्थीचं प्रकरण आहे: वस्तीतल्या किंवा कुटुंबांतल्या शांततेला बाधा आणणाऱ्या वादांसाठी तीन मध्यस्थांचं मंडळ. ९ ऑक्टोबर २०२३ ला लागू झालेल्या कलमांच्या पहिल्या यादीत ही कलमं नव्हती, पण सदरसाहेब आत्तापासूनच म्हणू लागले आहेत की आता सरकारनेच आम्हाला मान्यता दिली. कायदा नीट वाचा. अशा समझोत्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याची ताकद नाही, हे त्यातच लिहिलं आहे. आणि मंडळावर कोण घ्यायचं याच्या यादीत समाजात मान असलेली, सचोटीची माणसं पहिल्यांदा येतात. मध्यस्थीचा अनुभव असलेला माणूस हा त्यातला फक्त एक पर्याय आहे. स्त्रियांच्या प्रतिनिधित्वाचा विचार करावा, असंही म्हटलं आहे. विचार. म्हणजे शादीखान्यातली तीच बैठक उद्या अधिकृत पाटी लावून भरू शकते. ती भरायच्या आधी प्रत्येक जिल्ह्यात आपल्याकडे शिकलेल्या बायका आणि शिकलेले पुरुष तयार असायला हवेत. मौलानाही. मी स्वतः दोन तरुण इमामांना प्रशिक्षणाला पाठवलं, आणि गप्प बसायला ते माझ्यापेक्षा लवकर शिकले.

१८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम स्त्रिया हमीद दलवाईंबरोबर मुंबईत विधानसभेवर गेल्या होत्या. तेव्हापासून आपण कायदा मागत आलो आणि तो तुकड्या-तुकड्याने मिळतही गेला. हा कायदा बाईच्या घरापर्यंत पोहोचवणारा माणूस मात्र घडवायचा राहिला. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने मुंबईत स्त्रियांना काझीपणाचं रीतसर शिक्षण द्यायला सुरुवात केली तेव्हा आपल्यातलेच काहीजण हसले होते. माझा त्यांच्याशी दोन-तीन बाबतीत वाद आहे, पण निदान त्यांनी शिकवायला तर घेतलं.

पैसे नाहीत असं मला सांगू नका. मागच्या अधिवेशनाच्या मंडपाचं बिल मी पाहिलं आहे. तेवढ्यात वीसजणांचं प्रशिक्षण सहज होतं.

पुढच्या महिन्याच्या कार्यकारिणीत मी ठराव मांडणार आहे. आपल्या सल्ला केंद्रांमध्ये प्रशिक्षण न घेतलेल्या माणसाने, मग तो संस्थापक सदस्य का असेना, नवराबायकोच्या मधे बसायचं नाही. दोन मध्यस्थ, त्यात एक बाई. पहिली भेट एकटीची आणि एकट्याची. बोलणी झाली त्याच दिवशी सही नाही, मधे किमान आठवडा जाऊ द्यायचा. मारहाण असेल तर बैठकच नाही. विरोध होणार हे मला ठाऊक आहे, कोण करणार हेही ठाऊक आहे, त्यातले दोघं माझ्या शेजारीच बसतात. तोपर्यंत, दोस्तांनो, शादीखान्यातल्या बैठकीचा निरोप माझ्याकडे पाठवू नका. मुलीला पाठवा, एकटीला. मी दुपारी घरीच असते.